चिमणी सूप

आईला त्या हॉटेलात जायचं होतं ते खाण्यासाठी नव्हे. तिला तिथलं भांडं बघायचं होतं.

लग्न होऊन ती जबलपूरला आली, तेव्हा एकदा बाबांच्या सायकलवर मागं बसून सदरच्या छावणी बाजारातून जाताना तिला एका काचेच्या खिडकीतून आतलं टेबल दिसलं. पांढरीशुभ्र चादर, भोवती फौजी साहेब आणि त्यांच्या बायका, आणि मधोमध पितळेचं भांडं. भांड्याच्या मध्यावर एक नळकांडं आणि त्यात लाल निखारे. टेबलावर चूल पेटलेली आणि चादरीला डागसुद्धा नाही, हे तिला काही केल्या समजेना. राख कुठं पडते, असं ती बाबांना कित्येक दिवस विचारत राहिली. बाबा तोफांच्या सरकारी फॅक्टरीत फिटर होते. त्यांनी कोळशानं फरशीवर चित्र काढून तिला समजावलं, पण ते भांडं त्यांनी तरी कुठं जवळून पाहिलं होतं?

हॉटेल लहानसंच होतं, पण आमच्यासारख्यांचं नव्हतं. दाराशी शेवंतीच्या कुंड्या, आत मोजकीच टेबलं, आणि वाढायला स्वतः मालकीणबाई. नवरा-बायको दोघंही चिनी, पण जन्म कलकत्त्याचा, आणि हिंदी अगदी जबलपुरी. मग चीनशी लढाई झाली आणि दाराला कुलूप लागलं. पुढं ते कधी तरी उघडलं, पण साहेब लोक परतले नाहीत.

पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले. बाबांच्या फॅक्टरीतल्या पाळ्या लांबल्या. ते घरी यायचे, आंघोळ करायचे आणि पाटावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. आई त्यांच्यासमोर बसून त्यांना जागं ठेवायला काहीबाही विचारायची. अशाच एका जेवणात बाबा म्हणाले की एकदा हे सगळं मिटू दे, मग तुला सदरच्या त्या हॉटेलात नेतो, तिथलं चिमणी सूप फार नावाजलेलं आहे म्हणतात.

मी ताटावरून उठले. आमच्या अंगणातल्या पेरूवर चिमण्यांचा थवा यायचा आणि मी त्यांना रोज कण्या टाकायची. आईचा घासही हातातच राहिला. आमचं घर पक्कं शाकाहारी.

"चिमण्या शिजवतात? आणि तुम्ही मला तिथं घेऊन जाऊन राहिले?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. फॅक्टरीवर धुराची चिमणी असते ना, तशी त्या भांड्याला आहे म्हणून ते नाव, असं त्यांनी सांगितलं. लढाईच्या त्या दिवसांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

लढाई थांबली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं संध्याकाळी निघालो. आईनं लग्नातला शालू नेसला होता. त्यापुढं सायकल शोभेना, म्हणून मदन महलच्या आमच्या घरून सदरपर्यंत रिक्षा केली. वाटेत बाबा सारखे मागं वळून बघत होते. का, ते मला नंतर कळलं. पाळीवरच्या एका मित्रानं त्यांना बजावलं होतं की फॅक्टरीच्या माणसानं चिनी लोकांच्या हॉटेलात दिसू नये, उगीच कुणी वर सांगेल. आईला यातलं काही माहीत नव्हतं. बाबा रिक्षावाल्याशी बोलत रेंगाळले, तोवर ती सरळ आत गेलीसुद्धा.

आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. मालकीणबाई गल्ल्यापाशी काहीतरी विणत बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि अंगावर सुती साडी. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि बाबांना सहज विचारलं की कुठं काम करता. बाबांनी खरं ते सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या हळूच म्हणाल्या, "भैया, आप पीछे परदे के पास बैठ जाइए. बाहर से कोई देखेगा नहीं."

बाबांनी खिडकीतल्या टेबलाकडं पाहिलं, मग आईकडं. आई खिडकीपाशी उभी राहून बाहेरचा रस्ता बघत होती. लग्नानंतर ज्या रस्त्यावरून तिनं आत पाहिलं होतं, तोच.

"खिड़की वाली टेबल खाली है न?" बाबा म्हणाले. "हम वहीं बैठेंगे."

आम्ही खिडकीत बसलो. आईनं आम्ही शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर बाई म्हणाल्या की भांडं पुन्हा चिंचेनं घासते, थोडा वेळ लागेल. खरोखरच आतून घासण्याचा आवाज येत राहिला. मग त्यांचे यजमान ते भांडं घेऊन बाहेर आले. उंच, वाकलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी ते एका पाणी भरलेल्या परातीत ठेवलं. आईनं तत्काळ खाली डोकावून पाहिलं. नळकांड्याखाली जाळी होती, राख तिथून पाण्यात पडत होती. तिनं बाबांकडं पाहिलं आणि दोघंही समाधानानं मान डोलवू लागली. बाबांनी तर खिशातल्या पट्टीनं नळकांड्याचा घेर मोजायला घेतला होता, आईनं त्यांचा हात धरला.

नळकांड्याभोवतीच्या खोलगट जागेत आल्याचं, गाजर-मुळ्याचं पाणी उकळत होतं. शेजारच्या बशांत पालक, कोबी, फुलकोबीचे तुरे, ओले मटार, तांदळाच्या पांढऱ्या शेवया. आपणच एकेक वस्तू टाकायची, शिजली की आपणच काढायची. घरी आई सगळ्यांना वाढून मग जेवायची. इथं तिला कुणाला वाढायचंच नव्हतं. ती आमच्याबरोबर जेवली. बाबांचा कोबी सारखा बुडायचा, आई तो चमच्यानं शोधून त्यांच्या वाटीत टाकायची, आणि माझ्या शेवया पळून गेल्या की बाबा माझ्यासाठी पकडून द्यायचे. चवीला ते मला अळणीच लागलं, पण वाफेनं आमच्या तिघांचे चेहरे ओले झाले होते आणि कुणालाच उठायची घाई नव्हती.

आईच्या शंका संपेनात, तेव्हा मालकीणबाई खुर्ची ओढून आमच्यातच बसल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की बहिणीच्या लग्नाला ती दोघं आसामात गेली असताना लढाई सुरू झाली, पोलिसांनी तिथूनच उचललं आणि दूर राजस्थानात छावणीत नेऊन ठेवलं. सुटून आल्यावर शेजारच्या शिंप्यानं हे भांडं सांभाळून ठेवलेलं दिलं. आईनं विचारलं, "और बहन की शादी?" बाई म्हणाल्या, नाही झालं. आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

व्हायचं ते झालंच. कुणीतरी पाहिलं होतं. बाबांना फॅक्टरीतल्या साहेबांनी बोलावून विचारलं. बाबांनी घरच्यांना जेवायला नेलं होतं एवढंच सांगितलं. साहेब रागावले नाहीत, पण पुन्हा तिथं जाऊ नका म्हणाले. बाबा घरी येऊन हे सांगताना खाली बघत होते. आईनं पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं.

"आपण जायचं नाही म्हणाले ना," ती म्हणाली, "तिनं यायचं नाही असं तर नाही म्हणाले?"

बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, "नाही. तसं कुणी म्हटलं नाही."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं बाईंना बोलावलं. आमच्या गल्लीतल्या, वाटेत भेटल्या की नेहमी हसणाऱ्या मराठी बायका त्यांना पाहून दूर सरकून बसल्या. एकीनं स्वयंपाकघरात येऊन आईला विचारलंच, "हिला काहून बोलावलं?" आईनं तिच्या हातात तिळाच्या वड्यांचं ताट दिलं आणि बाहेर पहिल्यांदा त्यांनाच दे म्हणून सांगितलं. तिनं दिलं. बाईंनी वडी खाल्ली आणि गूळ कोणता वापरला ते विचारलं. नरसिंहपूरचा, असं उत्तर आलं. मग पाकाविषयी बोलणं निघालं आणि बघता बघता सगळ्या जणी त्यांच्याभोवती सरकल्या.

नंतर त्या आमच्याकडं येतच राहिल्या. त्यांचे यजमान गेल्यावर हॉटेल बंद झालं, तिथं चपलांचं दुकान आलं. एकाहत्तरच्या लढाईत पुन्हा काळे कागद निघाले, तेव्हा आईनं त्यांना सदरमध्ये एकटं राहू दिलं नाही, आमच्याकडंच आणलं. संध्याकाळी दिवे मालवले की दोघी ओसरीवर बसायच्या. डिसेंबर म्हणजे जबलपूरला मटारचे दिवस. अंधारात हातानं चाचपत दोघी शेंगा सोलायच्या, आणि आई वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत आपल्या आईच्या हातच्या आळणाचं, बेसन लावलेल्या त्या पातळ पालेभाजीचं, वर्णन करायची. पाळी संपवून बाबा सायकल भिंतीला टेकवायचे आणि विचारायचे, "आज क्या बन रहा है?" अंधारातून दोघी एकदमच काहीतरी वेगवेगळं सांगायच्या.