आईचा कोबा

आमच्या घराण्यात स्वतःचं घर कुणाचंच नव्हतं. दख्खनमधून ग्वाल्हेरला आल्यापासून पुरुष संस्थानच्या फौजेत आणि बायकामुलं फौजेच्या क्वार्टरांत, असंच पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. छत गळलं, दार फुगलं, की आजोबा दफ्तरात जाऊन सांगून येत. मग सरकारी मिस्त्री शिडी घेऊन येई, काम करी आणि आईच्या हातचा चहा पिऊन जाई. घराची काळजी दुसऱ्या कुणीतरी करायची असते, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती.

संस्थान विलीन झालं, त्याची फौज नव्या देशाच्या फौजेत मिसळली, आणि आजोबांसारख्या उतारवयाच्या लोकांना पेन्शन देऊन मोकळं केलं गेलं. क्वार्टर सोडावं लागणार होतं. तेव्हा आजोबांनी कुणालाही न विचारता नई सडकच्या मागच्या एका गल्लीत घर घेतलं. पुण्याला निघून चाललेल्या एका कुटुंबाचं ते घर होतं. तीन खोल्या, मागे लहानसं अंगण, अंगणात कडुनिंब. भिंती दगडी, आणि वर दगडाच्या लांब पटियांचं छत. आम्ही सामान घेऊन पोचलो तेव्हा आजोबा उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी आईला आधी आत जायला सांगितलं. "आता इथून आपल्याला कुणी हलवणार नाही," ते म्हणाले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

पहिल्याच पावसाळ्यात मधली खोली गळू लागली. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पटिया तापतात, त्यांच्या मधले सांधे उघडतात, आणि मग पाणी वाट काढतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी आणि धाकटा भाऊ "आई, इधर भी टपक रहा है," म्हणत भांडी घेऊन धावत होतो. आम्ही घाईत असलो की हिंदीतच बोलायचो. आजोबा उठले, त्यांनी जुना वर्दीचा कोट चढवला, छत्री घेतली आणि बाहेर पडले. दुपार उलटून गेल्यावर परत आले. कोट पार भिजला होता.

आईनं विचारलं, "मामंजी, कुठं गेला होतात?"

ते जुन्या दफ्तरात छत गळतंय म्हणून सांगायला गेले होते. तिथं आता दुसऱ्याच खात्याचे लोक बसत होते. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट ऐकूनही घेतलं, आणि मग हे घर कुणाचं आहे असं विचारलं. आजोबांनी आपलंच असं सांगितलं, तेव्हा, मग दुरुस्तीही आपणच करायची, असं त्यांनी हळूच सांगितलं. आजोबांनी हे सगळं कोट काढता काढता सांगितलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर घराबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. 

त्या दिवशी पाऊस उघडल्यावर आई पहिल्यांदा छतावर चढली. लुगड्याचा ओचा खोचून, शेजारच्यांची शिडी लावून. वर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती पटियांवरून फिरली, कुठं पाणी साचलंय ते बघितलं आणि खाली येऊन मला म्हणाली, "मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आहे गं आपलं घर."

वडील त्या वेळी इंदूरला होते. ते सचिवालयात कारकून होते, आणि मध्य भारत राज्याला दोन राजधान्या. थंडीत सरकार आमच्याकडे, फूलबागेच्या बाजूला. उन्हाळा लागला की सगळं दफ्तर गाड्यांत भरून इंदूरला जाई, त्याच्याबरोबर वडीलही जात, आणि परत येत तेव्हा पाऊस संपत आलेला असे. आमचं छत गळताना त्यांनी फारसं कधी पाहिलंच नाही. त्यांना दिसत ते भिंतींवरचे डाग, अंगणात पडलेली वाळू आणि आईचे चुन्यानं फाटलेले हात. ते म्हणत, क्वार्टरात होतो तेच बरं होतं. आजोबा ऐकतील म्हणून हळू म्हणत.

घर काही ना काही काढतच राहिलं. सांधे बुजवले तर मागच्या भिंतीला खाराचा लोणा लागला आणि गिलावा हात लावताच पिठासारखा गळू लागला. भिंत खरवडून पुन्हा लिंपली तर दाराच्या चौकटीत लाकूड पोखरणारी दीमक निघाली. मोरीचं पाणी शेजारच्या घराच्या पायात मुरतंय म्हणून भांडण झालं. कडुनिंबाची मुळं अंगणातली फरशी उचलत होती, आणि माकडं छतावर नाचून नवे सांधे उखडत होती. आई एकेकदा रडकुंडीला येई. स्वैपाक अर्धा टाकून ती बाहेर येऊन उभी राही आणि घराकडे बघे. एकदा मी तिला घराशी बोलताना ऐकलं होतं. "आता काय हवंय तुला?" असं ती अगदी शांतपणे विचारत होती.

पण ती शिकत गेली. पडाव भागात राहणारा एक म्हातारा मिस्त्री कामाला येई. त्याच्याशेजारी बसून ती बघायची, विचारायची, आणि तो गेल्यावर उरलेलं काम स्वतः करायची. चुना किती दिवस भिजवायचा, विटांची पूड, म्हणजे सुरखी, किती बारीक चाळायची, हे तिच्या हाताला कळू लागलं. गल्लीतल्या बायका तिला बोलवून नेऊ लागल्या. त्यांच्या भिंतीवर ती हात ठेवी आणि ओल कुठून येतेय ते सांगे. क्वार्टरात असताना ती कुणाच्या समोर मान वर करून बोलत नसे. इथं तिचा आवाजही बदलला होता.

आजोबा त्याच घरात गेले. थंडीचे दिवस होते, मधली खोली कोरडी होती. आईला त्याचं फार समाधान वाटलं होतं. "त्यांच्या अंगावर थेंब पडला नाही," असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगे.

त्यानंतर राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत राहिला नाही, नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या कितीतरी मराठी घरांत त्या वर्षी ट्रंका बांधल्या गेल्या. वडिलांना जाणं भागच होतं. आई धरून चालली होती की इंदूरसारखंच होईल, ते जातील आणि आम्ही राहू. आजोबा गेल्यावर पावसाळ्याच्या आधी सगळं छत उकलून त्यावर जाड कोबा घालायचा, असं तिचं ठरलं होतं. नुसते सांधे बुजवून हे घर ऐकणार नाही, हे तिला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. चुन्याच्या गोणी आल्या होत्या. अंगणात हौद करून तिनं चुना भिजतही घातला होता.

वडील एका रविवारी बाहेरून आले, चपला काढल्या आणि सांगितलं की घर विकलं. नई सडकवर कापडाचं दुकान असलेला एक सिंधी व्यापारी घेणार होता. बोलणी झाली होती. महिनाअखेर ताबा द्यायचा होता.

आई चुना ढवळत होती. तिनं काठी खाली ठेवली नाही. मला विचारलं का नाहीत, एवढंच म्हणाली.

वडील एरवी चढ्या आवाजात बोलणारे नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हणाले, इतकी वर्षं बघतोय, या घरानं तुला खाल्लं. हात बघ तुझे. "तू या घराची मालकीण नाहीस, मोलकरीण झाली आहेस."

आईनं चुना एकदा तळापासून ढवळला. मग म्हणाली, "मोलकरणीलासुद्धा काढायच्या आधी सांगतात हो."

वडील आत निघून गेले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण तिला सोडवतोय. भोपाळला सरकारी क्वार्टर मिळणार होतं, छत बघायला सरकार होतं. यात रडण्यासारखं काय आहे, हे त्यांना समजत नव्हतं, आणि आई त्यांना समजावायला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा मिस्त्री मजूर घेऊन आला तेव्हा आम्हाला वाटलं आई त्याला परत पाठवील. तिनं त्याला वर चढवलं. वडील म्हणाले, आता कशाला? ती म्हणाली, चुना भिजलाय, तो काय करायचा? आणि जे राहायला येणार आहेत त्या लोकांच्या घरात तान्हं मूल आहे.

उरलेले सगळे दिवस छतावर काम चाललं. चुना, सुरखी आणि विटांचे तुकडे पसरले, त्यावर गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडलं, आणि मजुरणी ओळीनं बसून लाकडी चोपण्यांनी कोबा चोपू लागल्या. आई त्यांच्यात बसली. दिवसभर तो आवाज गल्लीत घुमायचा. खाली आमचं सामान बांधलं जात होतं, भांडी पोत्यात जात होती, आणि वर आई चोपत होती. जेवायला हाक मारली तर येते म्हणायची आणि यायची नाही. शेवटी चोपणं पडलं की कोब्यावरून उसळायला लागलं, आणि मिस्त्री म्हणाला, बस, हो गया. तरी ती थोडा वेळ चोपतच राहिली. मी वर जाऊन तिच्या हातातून ते काढून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याची बायको घर बघायला आली, कडेवर मूल. फाळणीत ती सिंधमधलं घर सोडून आली होती, असं तिनंच बोलता बोलता सांगितलं. आईनं तिला खोलीखोलीतून नेलं. हे दार पावसात अडतं, तेव्हा खालून उचलून लोटायचं. या कोपऱ्यात लोणा परत येईल, घाबरायचं नाही, खरवडायचं आणि लिंपायचं. कोबा आठ दिवस ओला ठेवायचा, पाणी मारायला विसरायचं नाही. ती बाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. शेवटी तिनं आईचा हात धरला आणि विचारलं, "इतना प्यार है तो जा क्यों रही हो, बहनजी?"

"बदली है," आई म्हणाली.

भोपाळचं क्वार्टर नवंकोरं होतं. भिंती सरळ, छत सिमेंटचं. भिंतीत खिळा ठोकायचा तर कचेरीला विचारावं लागे. पाऊस लागला की आई हातातलं काम सोडून उठे, सगळ्या खोल्यांतून फिरे, भिंतींना हात लावून बघे आणि पुन्हा येऊन बसे. वडील हसून म्हणत, बघ, थेंब तरी आला का? ती नाही म्हणे. हळूहळू तिनं उठणंही सोडलं. शेजारणी तिला शांत स्वभावाची म्हणू लागल्या. मला ते ऐकून फार वाईट वाटे, कारण गल्लीत तिला कुणी तसं म्हटलं नसतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मावसबहिणीच्या लग्नासाठी आई आणि मी ग्वाल्हेरला गेलो. वडिलांना रजा मिळाली नव्हती. लग्न आटोपल्यावर आई म्हणाली, जरा गल्लीत जाऊन येऊ.

आम्ही वळणावर आलो आणि मला वाटलं, चुकलो. घर नव्हतं. त्याच्या जागी दुमजली सिमेंटची इमारत, खाली कापडाचं गोदाम, वर सज्जा. कडुनिंबही नव्हता. मी आईचा दंड धरला. तेवढ्यात वरून त्या बाईनं आम्हाला ओळखलं आणि धावत खाली आली. ती मनापासून आनंदली होती. आम्हाला वर नेलं, बसवलं, मिठाई मागवली. धंदा वाढला, दीर आले, जागा पुरेना, असं सांगत राहिली. मग आईला बरं वाटावं म्हणून, अगदी कौतुकानं, म्हणाली, "आपकी छत तोड़ने में मज़दूर थक गए थे, बहनजी। इतनी पक्की निकली। एक बूँद नहीं टपकी थी इतने साल।"

आई हसली. तिनं चहा पुरा संपवला, मिठाईचा तुकडा खाल्ला, मोठ्या झालेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही टांग्यात बसलो. तिचे हात मांडीवर उताणे होते. स्टेशनवर उतरताना तिला पायरी दिसली नाही. मी सावरलं, तेव्हा कळलं की ती रडतेय आणि तिला समोरचं दिसत नाहीय.

भोपाळला पोचलो. जेवताना वडिलांनी लग्नाची चौकशी केली, नातेवाईकांची केली. मग ताटाकडे बघत विचारलं, "आपल्या घराकडे गेला होतात का?" इतक्या वर्षांत त्यांनी त्या घराचं नाव काढलं नव्हतं. आपलं तर कधीच म्हटलं नव्हतं.

मी आईकडे बघितलं.

"गेलो होतो," ती म्हणाली. "चांगलं ठेवलंय त्यांनी. छत अजून गळत नाही."

वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. बरं झालं, बरं झालं, असं दोनदा म्हणाले आणि त्यांनी भात मागितला. आईनं वाढला.