तिचे एक्क्याऐंशी

तिला एक्क्याऐंशी पडले, तेव्हा मला त्रेपन्न. सराव पेपरच तो, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. आम्ही दोघी बोरिवलीत एकाच वकिलांकडे ज्युनिअर. कोर्ट सुटलं की त्यांच्याच ऑफिसात बसून बार परीक्षेचे पेपर सोडवायचो. पास व्हायला पंचेचाळीस पुरायचे. पण मी आधी एकदा नापास झाले होते आणि माझ्या तात्पुरत्या सनदेची मुदत संपत आली होती. आता परीक्षा गेली की कोर्टात उभं राहणं बंद. इकडे घाटकोपरला बाबांनी दारावर 'अ‍ॅडव्होकेट'ची पाटीही ठोकून टाकलेली.

ती चारकोपहून यायची, डब्यात तळलेली सुरमई आणायची, अर्धी मला द्यायची आणि वर माझ्यापेक्षा जास्त मार्क काढायची. माणसानं किती चांगलं असावं, याला काही मर्यादा? मी सुरमई खायचे आणि मनातल्या मनात जळायचे.

मग मी तोच पेपर घरी पुन्हा सोडवला. परत एकदा सोडवला. ब्याण्णव! दुसऱ्या दिवशी अगदी सहज दाखवल्यासारखा मोबाइल तिच्यापुढे धरला.

"झकास गं!" ती म्हणाली. "पण हा तोच पेपर ना? तुझी उत्तरं पाठ झालीत, यार. थांब, हा नवीन कर."

नव्यात चाळीस आले. वाट लागली, तीही तिच्यासमोर.

ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. तिनं नुसतं कलमांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "परीक्षेत हे उघडू देतात ना? मग पाठ काय करतेस? शोधायची सवय कर. आणि एकदा सोडवलेल्या पेपरचे मार्क धरायचेच नाहीत."

तिच्यावरच्या रागानं मी ते पुस्तक इतकं चाळलं, की अनुक्रमणिकेची पानं सुटली. नव्या पेपरांत पन्नाशी ओलांडली, मग साठी. तिचे मात्र ऐंशीखाली कधी उतरले नाहीत.

निकाल लागला. दोघी पास. बाबा फोनवर रडले. ती मला मिठी मारून रडली, मीही रडले, अगदी मनापासून. पण त्या निकालात मार्क नव्हते. तिच्या नावापुढे नुसतं 'पास', माझ्याही नावापुढे तेवढंच. तिच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसताना माझ्या मनात एकच चाललं होतं, मेलीला किती पडले असतील?