मास्तरांच्या चहातलं आलं

आमच्या मंगळवार पेठेतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांइतका चहाचा कडवा भक्त उभ्या कोल्हापुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर दोघांचं भांडण होऊन एव्हाना एकच उरला असेल. गावाला जाताना माणसं कपडे घेतात. मास्तर पितळी खलबत्ता घ्यायचे, शिवाय गवती चहाची जुडी, वेलदोड्यांची डबी आणि आलं. पुतण्यासाठी मुलगी बघायला मला घेऊन कागलला गेले, तर मुलीला एक प्रश्न विचारला नाही. चहाचा घोट घेतला आणि उठून थेट स्वयंपाकघरात! "वैनी, आलं किसताय व्हय? ठेचायचं आसतंय की! आन पान्याला उकळी फुटल्याबिगर त्याला दूध दावायचं न्हाय." त्या माउलीनं मुकाट्यानं दुसरं आधण ठेवलं. लग्न जमलं, ते मास्तरांमुळे की मास्तर असूनही, देव जाणे. स्वतःच्या चहाला मात्र कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. सख्खा मेव्हणा एकदा "आलं जरा जास्त झालंय" म्हणाला, तर पुढच्या भाऊबीजेला मास्तर बहिणीकडून ओवाळून घेऊन दारातूनच परतले.

मागे मला ताप आला आणि जाताना तोंडाची चव नि नाकाचा वास घेऊन गेला. माझा धंदा कांदा-लसूण चटणीचा. नाक गेलं म्हणजे पोटच गेलं. मी भीतीनं कुणाला सांगितलं नाही. मास्तर चहा घेऊन आले, मी घोट घेऊन म्हटलं, "नेहमीसारखा झक्कास!" मास्तरांनी स्वतःच्या कपातला घोट घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी ते साखर घालायला विसरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी किटली घेऊन हजर. रोज आलं थोडं वाढवलेलं. "चव लागतीया का रं?" "नाही, मास्तर." "लागंल की! घाई हाय व्हय कुनाला?" स्वतः पित्ताचा माणूस, पण माझ्या सोबतीला तोच जाळ डोळे पुसत प्यायचे.

दीड महिन्यानं एका सकाळी जिभेवर काहीतरी चरचरलं आणि मी ओरडलो, "मास्तर, आलं फार झालंय!" बोलून गेलो आणि मेव्हणा आठवला. मास्तर कप ठेवून उठले. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. "परत म्हन," म्हणाले. डोळे भरले होते, आणि या वेळी आल्यानं नव्हे.

आता मास्तर लेकीकडे पन्हाळ्याला असतात. माझी चटणी चालली आहे, ती त्यांच्यामुळे. रोज सकाळी मी आलं ठेचून चहा करतो आणि पहिला घोट घेतला की वरच्या जिन्याकडे बघून मोठ्यानं म्हणतो, "मास्तर, आलं फार झालंय!" वरून उत्तर येत नाही. चव मात्र लागते.