वाकडी दिसलेली दोरी

भिंत जोखायला टांगलेल्या ओळंब्याची दोरी वाकडी असूच शकत नाही. हे मला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांनीच एका सकाळी कामावर दोरी बदलली. नवीही मधेच वाकलेली दिसली. मग त्यांनी उभी भिंत पाडायला लावली.

भिंत सरळ होती. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, आता घरी बसा." तीस वर्षं ज्यांना 'ओळंबा' म्हणून हाक मारली, त्यांना.

मी त्यांचा शेजारी. साहित्यात पदवी घेऊन रिकामा. दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरांनी पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. काकांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचली.

"वय झालं काका. चष्मा बदला."

"अहो, पण मी एक डोळा मिटून बघतो तेव्हा..."

"मग मिटू नका ना!"

डॉक्टर हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

मिस्त्री भिंत एकाच डोळ्याने जोखतो. काकांचा तो डोळा डावा. तो एकटा कुणी तपासलाच नाही. नऊ महिने. तीन चष्मे. शेवटी त्या डोळ्यात मधोमध काळा डाग उतरला.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी उजवा डोळा झाकला आणि बारीक चौकटींचा कागद समोर धरला. एक मिनिट लागलं. फक्त एक!

"डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात. रक्त साकळलंय. आधी आला असतात, तर कदाचित इंजेक्शनांवर भागलं असतं. आता ऑपरेशन."

"म्हणजे गिलाव्याखाली मुळं शिरली," काका म्हणाले. "उपटताना गिलावा निघाला तर?"

"थोडा निघेल. मधलं दिसेलच असं नाही. कडेचं वाचवू."

तो कागद मी आधी पाहिला होता. पहिल्याच दवाखान्यात, दारामागे. त्यावर डॉक्टरांचा कोट लटकत होता.

बाईंनी पडद्याला बारीक छेद दिला, चिमट्याने ते जाळं ओढून काढलं, डोळ्यात वायूचा फुगा सोडला. मग तो पडद्याला टेकावा म्हणून आठ दिवस पालथं पडून राहायचं.

"आता तरी मान खाली घाला," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले.

काका चांगल्या डोळ्याने जमीन न्याहाळत होते. "ही फरशी कुठल्या गाढवाने बसवलीये गं?"

दोन महिन्यांनी ते म्हणाले, "चल, त्या दवाखान्यात." तिथे नंबर न लावता आत शिरले. दारामागच्या कागदावरचा कोट काढला, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"अहो, हे काय चाललंय?"

"पुढच्याला हा कागद दाखवा. एकेक डोळा झाकून."

 काकांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि वाकडा लटकलेला कागद बोटाने सरळ केला. मी दाराच्या चौकटीशी ताडून पाहिलं. अचूक होता.

"कडा सरळ दिसतात," ते म्हणाले. "मधे काहीच नाही."

वर्षभरापूर्वी याच कागदावर मधल्या रेषा त्यांना नुसत्या वाकड्या दिसल्या असत्या.