जाहिदाचा मागून येणारा आवाज

शास्त्रीनगरातली जाहिदा लोकांना माहीत आहे ती टॉवेल शिवणारी म्हणून. टॉवेलाच्या कडा तिच्याइतक्या सरळ कोणी मारत नाही, हे खरंच आहे. पण ती गिटार वाजवते, आणि तिच्यासारखी गिटार वाजवणारं दुसरं माणूस अख्ख्या सोलापुरात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी पंचाक्षरी. अशोक चौकाजवळ माझं ॲम्प्लिफायर, माइक, स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षांत मी कोणाची उगाच स्तुती केलेली नाही. गिऱ्हाइकांना विचारा, ते उलटीच तक्रार करतील.

गिटार इलेक्ट्रिक, ॲम्पला जोडल्याशिवाय जेमतेम ऐकू येणारी. जाहिदाच्या धाकट्या भावाची, ताबीशची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गिटार तिच्या खोलीत राहिली. ही खोली यंत्रमागाच्या शेडला चिकटून. भिंतीपलीकडे आठ माग दिवसभर खडखडतात. तिथं स्वतःची शिलाई मशीन ऐकू येत नाही, तर गिटारची तार कुठून येणार? म्हणून ती माझ्याकडे आली. "मामा, कानाला लावून ऐकता येईल असं कायतरी द्या की."

माझ्याकडे एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान पडून होतं. त्यातला छोटा ॲम्प, हेडफोन आणि डिलेचा डबा मी तिला दिला. डिलेच्या डब्यात गिटारचा आवाज शिरला की तो दोन वाटांनी बाहेर पडतो. एक सरळ, त्याच क्षणी. दुसरा जरा थांबून, मागून, डोंगरात हाक मारल्यावर येतो तसा. दिवा लागला, आवाज आला, एवढंच बघून मी डबा तिच्या हातात ठेवला. नीट तपासला नाही. इतरांच्या हलगर्जीपणावर तोंडसुख घेणारा मी, त्या दिवशी स्वतः हलगर्जीपणा केला.

दोन वर्षं ती दुपारी शिलाई आटोपून वाजवत राहिली. शिकवायला कोणी नाही. मोबाइलवर बघायचं आणि मागाच्या ठोक्यावर ताल धरायचा.

मग हिंदुरावांच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला काम सोडून गेल्याचं तिच्या कानावर आलं. हिंदुराव लग्नांत, गणपतीत कार्यक्रम करतात, स्वतः कीबोर्डवर बसतात. माणूस चांगला, जीभ तिखट. जाहिदाला त्या ऑर्केस्ट्रात बसायचं होतं. आजवर स्वतःसाठी काही मागायला ती कोणाच्या दारात गेली नव्हती. गिटार पाठीला लावून ती एकटीच गेली, डबा मात्र घरी ठेवून. हिंदुरावांच्या ॲम्पला गिटार जोडली, आणि तिचा एकूण एक सूर ड्रमच्या अर्धा सेकंद आधी पडायला लागला.

"ओ ताई," हिंदुराव म्हणाले, "एस्टी सुटाय लागली का तुमची?"

सगळे हसले. ती तडक माझ्या दुकानात आली. डोळे लाल, आवाज चढलेला. "मामा, त्यांचा ॲम्प खराब हाय. तारेला हात लावला की लगेच वाजतोय!"

"लगेच नाही तर कधी वाजणार?"

"जरा थांबून. माझा वाजतोय तसा. वायरीतून यायला टाइम लागतो की."

मला हसू आलं नाही. डबा मागवून उघडला, तर सरळ वाटेवरच्या रेझिस्टरचा एक पाय सुटलेला. सरळ आवाज बंद, फक्त मागून येणारा चालू. या बाईनं दोन वर्षांत आपल्या हाताचा आवाज हातासरशी कधी ऐकलाच नव्हता. आवाज ठोक्यावर पडावा म्हणून हात अर्धा सेकंद आधी टाकायला ती आपली आपण शिकली होती. जन्मभर स्टेजवर वाजवणाऱ्यांना हे सलग चार ओळी जमायचं नाही.

मी तिला सगळं सांगितलं, चूक माझी होती हेसुद्धा. तिनं तो सुटलेला पाय नखानं हलवून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी चुकीचंच शिकले?"

मला जे येतं ते मी केलं. ती गेल्यावर सोल्डर मारून पाय जोडला. हिंदुरावांकडे जाऊन तिच्यासाठी आणखी एक संधी मागून घेतली. ते रविवारी सकाळी या म्हणाले.

रविवारी डबा घेऊन मी सोबत गेलो. डबा जोडला, गाणं सुरू झालं आणि सगळा विचका झाला. आता तिचा प्रत्येक सूर दोनदा वाजत होता, एकदा ठोक्याच्या आधी, एकदा ठोक्यावर. ड्रमवाला जोतीराम गोंधळून थांबला. हिंदुरावांनी घड्याळ बघितलं. जाहिदानं माझ्याकडे बघितलं.

"मामा, तुमी ह्यो नीट केला?"

"व्हय."

"कुणी सांगितलं तुमाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तिला विचारायचं मला सुचलंही नव्हतं. मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. चार स्क्रू, झाकण, आणि कटरनं त्या रेझिस्टरचा पाय कचकन तोडला. माझी जोडणी सहसा सुटत नाही, त्यामुळे स्वतःच्या हातानं तोडताना जीव खालीवर झाला.

"काय केलं ओ?" हिंदुरावांनी विचारलं.

"दुरुस्ती," मी म्हणालो.

ती पुन्हा वाजवू लागली. तारेला नखी घासल्याचा तो खरखरीत टोचरा आवाज नाहीच. सूर मागून कुठून तरी अलगद यायचा आणि नेमका ठोक्यावर उतरायचा. हिंदुराव तिच्या आधीच पडणाऱ्या हाताकडे बघत होते, त्यात त्यांचाच ताल चुकला. ते ओरडले, "ए, तिच्या हाताकडं कुणी बघायचं न्हाय! कान द्या नुसते!"

सगळ्यांनी माना फिरवल्या आणि गाणं पहिल्यापासून घेतलं. मी मात्र बघत होतो. शेवटच्या ओळीला तिनं तार छेडली, हात काढला आणि शांतपणे मांडीवर ठेवला. जोतीरामची काठी अजून हवेत होती. ती ड्रमवर पडली आणि तिचा सूर त्याच ठोक्याला आला. वाटलं, ओरडून सांगावं, ही आमच्याकडची आहे.

"शुक्रवारी दुधनीला लग्न हाय," हिंदुराव म्हणाले. "आठला गाडी निघंल. ह्यो डबा इसरू नका, ताई."

दुरुस्त केलेल्या वस्तूवर चिठ्ठी लावायची माझी पद्धत आहे. झाकण बसवलं आणि तिथंच ठळक अक्षरात लिहून चिकटवली : 'हा डबा बरोबर चालतो. कोणीही दुरुस्त करू नये. पंचाक्षरी.'