थोरलीचं रक्त कुठून आणलं?

साल एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचं. सकाळचे नऊ. पिरंगुटच्या पुढची एक बौद्ध वस्ती. विहिरीशेजारी पुण्याहून आलेली पांढरी जीप.

आरोग्याच्या बातम्या वर्षानुवर्षं केल्या की किस्से साचतातच. बरेचसे चहाच्या टपरीवर हसत सांगता येतात. या वस्तीतले सांगताना माझा आवाज चढतो, आणि तो चढू द्या!

वस्तीत काविळीची साथ होती. शेवंताबाईंच्या दोन्ही सुना सख्ख्या बहिणी. एकाच हंड्यातलं पाणी पिणाऱ्या. थोरली गरोदर, म्हणजे या साथीत सगळ्यात धोक्यातली, आणि हळदीसारखी पिवळी होऊन अंथरुणावर पडलेली. धाकट्या सुलोचनाला साधी कणकणही नाही.

याच कोड्यासाठी संशोधन पथकाची जीप आली होती. "शरीर विषाणूशी कसं लढतं, ते आईबापांकडून आलेल्या जनुकांवरही ठरतं," डॉक्टरांनी मला समजावलं. "सख्ख्या बहिणींतही त्यांची वाटणी वेगळी असू शकते." प्रश्न चांगला होता. मी तेव्हाही तसंच छापलं.

शेवंताबाईंनी दोघी सुनांचे हात पुढे केले. "घ्या रगात. पर धाकटीलाबी उद्या दीस जातील. तिला हुईल का, त्येवडं सांगा."

"नक्की सांगू, आजी!" डॉक्टर म्हणाले.

*

थोरलीच्या गळ्यात काविळीची माळ होती. कावीळ उतरेल तशी ही माळ लांबत जाते, असं मानतात. डॉक्टर हसले. "अहो, कोणत्या जमान्यात राहता?"

शेवंताबाई म्हणाल्या, "माळ लांबली का न्हाई, ते रोज दिसतंय तरी. तुमची बाटली कवा बोलनार?"

*

माळ लांबली नाही. आठवड्याच्या आत थोरली गेली. पोटातल्या बाळासकट.

*

मग जीप पुन्हा आली. पुन्हा सुया!

झालं होतं असं. या तपासणीला रक्तातल्या पेशी जिवंत लागतात. पण पथकाचा सारा जन्म लसी वाहण्यात गेलेला. लस म्हटली की बर्फ, म्हणून रक्तही बर्फात! पुण्याला पोचेपर्यंत पेशी मेल्या. "एकूणएक बाटली वाया गेली हो," ज्युनिअर डॉक्टर माझ्या कानात कुजबुजला.

वस्तीला सांगितलं, "थोडं रक्त कमी पडलं."

सुलोचनानं मुकाट्यानं हात पुढे केला. डॉक्टरांनी विचारलं, "आणि थोरल्या बाई कुठायत?"

शेवंताबाईंनीच विचारलं, "तिचं आता कुटून आनू, डाक्टर?"

*

वस्तीनं नळ मागितला. वरच्या अंगाचं गटार विहिरीला लागूनच वाहत होतं. डॉक्टरांसोबत पाहणीला आलेले सरकारी साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पाण्याचं काय घेऊन बसलात? संशोधन चालू आहे. काही लोकांच्या रक्तातच प्रतिकार कमी असतो!"

"मंग काविळीचं नाव तरी सांगा," सुलोचनाचा नवरा म्हणाला.

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "अजून नाव नाही. ए नाही आणि बी नाही, एवढंच कळलंय."

"रोगाचं नाव ठावं न्हाई, आन खोट आमच्या रगतात हाय, ह्ये मातर ठावं! लई शिकल्यात तुमी!"

साहेब जीपमध्ये बसले. नळ आला नाही.

*

पुढच्या वर्षी पुण्यात परिषद भरली. एसी हॉल, काजूची बशी, पडद्यावर स्लाइड. आमचेच डॉक्टर बोलत होते. स्लाइडवर मुळशीतल्या एका कुटुंबाची आकृती होती. दोन वर्तुळं शेजारी शेजारी. काळं वर्तुळ म्हणजे काविळीनं दगावलेली गरोदर थोरली बहीण. पांढरं म्हणजे धाकटी. दोन्हींखाली जनुकांचे नंबर. डॉक्टर म्हणाले, "दोघींच्या रक्ताची तुलना केल्यावर फरक स्पष्ट दिसतो." टाळ्या!

मी उभा राहिलो. "थोरलीची बाटली बर्फात वाया गेली होती. दुसऱ्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा ती मातीत होती. मग काळ्या वर्तुळाखालचे नंबर कुणाच्या रक्ताचे?"

अध्यक्ष म्हणाले, "पत्रकारांनी कृपया शास्त्रीय प्रश्न विचारावेत."

"बरं, शास्त्रीय विचारतो. पांढऱ्या वर्तुळाला कावीळ होईल की नाही? तिची सासू वाट बघतेय."

डॉक्टर घोटभर पाणी प्यायले. "नेक्स्ट स्लाइड, प्लीज!"

पांढऱ्या वर्तुळाला तेव्हा सातवा महिना होता, आणि पाणी त्याच विहिरीचं.