जावयाच्या सुरीचा रंग

मी चौथी शिकलेली. मुलीकडे हॉलंडमधल्या कापेल गावी तीन महिन्यांसाठी आले आणि कोरोनामुळे वर्षाहून जास्त अडकले. जावयाच्या घरी इतकं राहू नये हे मला कळतं. पण विमानच नाही म्हटल्यावर कळून उपयोग काय?

जावयांची एक जपानी सुरी होती. गंजणाऱ्या पोलादाची, हाताने घडवलेली, पात्यावर हातोडीचे ठोके तसेच दिसणारी. दर रविवारी ते ओल्या दगडावर तिला धार लावत. टोमॅटोवर नुसती टेकवली की ती आपल्या वजनाने खाली जायची. मी जन्मभर विळीवर बसलेली बाई, पण असं कापणं पाहिलं नव्हतं. हातातलं काम सोडून बघत उभी राहायची. हात लावायची परवानगी मात्र कोणालाच नव्हती.

पातं निळं-काळं, डागाळलेलं. एकदा दोघं फिरायला गेले तेव्हा मी लिंबू, मीठ आणि तारेची घासणी घेतली आणि ते आरशासारखं लख्ख केलं.

परत आल्यावर जावई सुरीकडे बघतच राहिले.

"अगं आई, तो डाग नव्हता, रंग होता!" मुलगी ओरडली. "वर्षभर कापून कापून चढलेला. त्यानेच गंज लागत नाही."

"मग आधी सांगायचं."

"तू घासशील हे कोणाला माहीत!"

जावई म्हणाले, "असू दे, आई."

पुढे दोन दिवस ते एवढंच म्हणत होते. भाजीत मीठ कमी, असू दे. चहा गार, असू दे. सुरी कपाटात गेली आणि टोमॅटो पावाच्या दातेरी सुरीने चेचले जाऊ लागले. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. असू दे म्हणणाऱ्याच्या घरात घास उतरत नाही, आणि त्या देशात मला दुसरं घर नव्हतं.

खरं तर मला कळायला हवं होतं. माझ्या विळीचं पातं काळंच होतं, ते मी कधी घासलं नाही. ही महागाची, म्हणून चकचकीत हवी असं वाटलं. शुद्ध मूर्खपणा.

विळीवरूनच आठवलं. कच्चं केळं चिरताना आम्ही पात्याला तेल लावायचो, नाहीतर चिकाने ते काळं पडतं. मुलीला म्हटलं, "आपल्याकडच्या भाज्या मिळतात त्या सुरिनामी दुकानातून कच्ची केळी आण."

"भाजी करतेस?"

"सुरी रंगवते."

जावयांना विचारलं, सुरी घेऊ का. म्हणाले, असू दे.

तेल न लावता चार केळी चिरली. चकत्या इतक्या पातळ पडल्या की पलीकडचं बोट दिसावं. जोर कुठे लावलाच नाही मी. चीक पुसला नाही, बघत बसले. पातं आधी पिवळट झालं, मग राखाडी. मग वांग्याच्या देठाखाली असतो तसा काळा-जांभळा रंग पसरत गेला, हातोडीच्या प्रत्येक ठोक्यात वेगळा. मी देवभोळी नाही, तरी हात जोडले गेले. कुठला जपानी लोहार, कुठलं केळं!

जावई मीटिंग संपवून, कानातले इअरफोन काढत आले. सुरी खिडकीपाशी धरली.

"हा पहिल्यासारखा नाही."

"नसणारच. तो तुमच्या कांद्यांचा होता, हा माझ्या केळ्यांचा."

बराच वेळ ते सुरी उलटसुलट करत होते. मग म्हणाले, "पुन्हा तारेची घासणी लावलीत ना, तर विमानतळावर नेऊन सोडेन."

"सोडा. विमानं बंद आहेत."

"तीच तर पंचाईत आहे!"

वर्षभरात जावई पहिल्यांदा मला टाकून बोलले. त्या दिवशी केळ्याची भाजी मी दोनदा वाढून घेतली.